ओरिजिनल रेकॉर्डच का? नॉर्दर्न सोल वाजवू पाहणाऱ्यासाठी

मूळच्या कोल्हापूरच्या आणि सध्या नोकरीसाठी लीड्सला असलेल्या एका तरुणाने विचारलं आहे. नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचायच्या रात्रींना तो बरेच दिवस जातो आणि आता त्याला स्वतः रेकॉर्ड वाजवायच्या आहेत. त्याचे प्रश्न थोडक्यात असे. नव्याने दाबलेली प्रत थोड्या पौंडांत मिळते, आवाजही स्वच्छ असतो, मग सगळे साठच्या दशकातल्या मूळ प्रतीचा हट्ट का धरतात? हाताशी तीनशे पौंड आहेत, त्यात सुरुवात कशी करावी? बनावट प्रत कशी ओळखावी? दोन गाणी एकमेकांत मिसळायची नसतील तर डीजेचं कसब कशात? आणि शेवटी, डॅरेल बँक्सचं ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ रेव्हिलॉट या अमेरिकन लेबलवर, म्हणजे त्या रेकॉर्ड कंपनीच्या नावाखाली निघालेलं, एका विक्रेत्याकडे आहे, ते घ्यावं का?

आधी हट्टाबद्दल बोलतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

मूळ प्रत आवाजासाठी हवी असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. मास्टर टेपवरून काळजीने काढलेली नवी आवृत्ती साठच्या दशकात घाईघाईने दाबलेल्या ४५ पेक्षा, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्या फिरणाऱ्या, दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या सिंगलपेक्षा, अनेकदा चांगली वाजते. पैसा दाखवायलाही हा नियम निघालेला नाही, जरी काही जण त्याचा तसा वापर करतात. नियमाचा खरा उपयोग एवढाच की तो डीजेला शोधायला लावतो. प्रत मिळवायची म्हटलं की लेबल कुठल्या शहरातलं, निर्माता कोण, त्याच माणसाने आणखी काय काढलं, मागच्या बाजूला काय आहे, हे सगळं पाहावं लागतं. त्या पाहण्यातून दहा दुसरी गाणी सापडतात. नॉर्दर्न सोल म्हणून आज जे काही आपण ऐकतो त्यातलं बहुतेक सगळं असंच सापडलेलं आहे.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय हे पटणार नाही. १९६४ ते ६७ या काळात डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची गाणी अमेरिकेत धडाधड गाजत होती. ते पाहून डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क या शहरांत कितीतरी छोट्या कंपन्यांनी तोच ठेका, तशीच ब्रास आणि तशीच आर्त गायकी घेऊन सिंगल्स काढल्या. स्टुडिओत उत्तम वादक, गाणारे तर एकाहून एक. पण जाहिरातीला पैसा नाही, वितरकाकडे वजन नाही. स्थानिक रेडिओवर चार दिवस वाजून गाणं संपायचं आणि उरलेला माल गोदामात जायचा. साठचं दशक संपताना अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं संगीत फंककडे वळलं आणि या सिंगल्स तिथे कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत.

इंग्लंडच्या उत्तरेत मात्र उलटं घडलं. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबमध्ये रात्रभर नाचणाऱ्या पोरांना फंक नको होता, त्यांना जुना जलद ठेकाच हवा होता. लंडनमध्ये सोल सिटी नावाचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिनने हे हेरलं. उत्तरेकडून आलेली गिऱ्हाइकं काय मागतात हे दुकानातल्या लोकांना कळावं म्हणून त्याने ‘नॉर्दर्न सोल’ हा शब्द वापरायला सुरुवात केली आणि १९७० मध्ये ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या त्याच्या लिखाणातून तो रूढ झाला. १९७१ मध्ये ट्विस्टेड व्हील बंद पडलं. मग स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातल्या टन्स्टॉलमधलं गोल्डन टॉर्च, ब्लॅकपूल मेक्काची हायलँड रूम, आणि २३ सप्टेंबर १९७३ पासून डिसेंबर १९८१ पर्यंत विगन कसिनो.

या सगळ्या ठिकाणांची अडचण एकच होती. लोकांना दर आठवड्याला नवीन गाणं हवं, पण त्या धाटणीचं गाणं आता कुणी करत नव्हतं. म्हणजे नवीन गाणं हे जुन्यातूनच काढायला हवं. डीजे आणि विक्रेते अमेरिकेत जाऊन गोदामं उपसू लागले, हजारोंनी रेकॉर्ड जहाजांतून आणू लागले. नॉरफोकमधल्या किंग्ज लिनहून चालणाऱ्या जॉन अँडरसनच्या सोल बोल या रेकॉर्ड-विक्रीच्या धंद्यातून किती गाणी पहिल्यांदा इंग्लंडात आली याची गणती नाही. ग्लोरिया जोन्सचं ‘टेंटेड लव्ह’ घ्या. चॅम्पियन लेबलवरची न चाललेली सिंगल, आणि तीसुद्धा मागची बाजू. रिचर्ड सर्लिंग या डीजेने १९७३ मध्ये फिलाडेल्फियाहून ती आणली आणि उत्तरेतल्या क्लबांत वाजवली. तिथून ते गाणं सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीपर्यंत पोचलं आणि १९८१ मध्ये त्यांची आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. एका माणसाने न खपलेली रेकॉर्ड उलटी करून ऐकली, एवढंच त्यामागचं कारण.

म्हणून मूळ प्रत मागणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. तुम्ही कुणाच्यातरी संकलनातून वीस गाणी उचलून वाजवलीत तर तुम्ही त्या संकलकाची निवड वाजवता आहात. ती निवड चांगलीच असेल, पण ती तुमची नव्हे. पोस्टरवर ‘ओव्हीओ’ ही अक्षरं दिसली, म्हणजे ‘ओरिजिनल व्हायनल ओन्ली’, तर तिथे जमलेल्या लोकांनी तेच ऐकायला तिकीट काढलेलं असतं. तिथे नवी आवृत्ती चोरून वाजवू नका. डेकजवळ, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांजवळ, उभ्या असलेल्या चौघांना लेबलच्या रंगावरून कळतं.

हा वाद आजचाही नाही. सत्तरच्या दशकात ज्यांना रेकॉर्ड परवडायची नाही ते डीजे दुसऱ्याच्या प्रतीवरून एमिडिस्क कापून घ्यायचे, म्हणजे लॅकरची एकेक तबकडी. तेव्हाही त्यावरून नाकं मुरडली जात. दुसरीकडे ज्याच्याकडे एकमेव प्रत असे तो लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव द्यायचा, की दुसऱ्या कुणाला ती शोधता येऊ नये. याला ‘कव्हर-अप’ म्हणतात. जमैकन साउंड सिस्टिमवाले लेबल खरवडून टाकायचे, त्यातलाच हा प्रकार. फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ सुरुवातीला एडी फॉस्टर या नावाने वाजवलं गेलं. तुम्ही मात्र सुरुवातीच्या काळात कव्हर-अपच्या फंदात पडू नका. जो कुणाला गाणं सांगत नाही त्याला कुणी गाणं सांगत नाही.

फ्रँक विल्सनचं नाव निघालंच आहे तर किमतींबद्दलही बोलून घेऊ, कारण नवख्या माणसाच्या मनात पहिली भीती तीच असते. ती सिंगल मोटाउनच्या ‘सोल’ या उपलेबलसाठी १९६५ मध्ये तयार झाली, डेमो, म्हणजे प्रकाशनाआधीच्या नमुना प्रती, दाबले गेले आणि प्रकाशन रद्द झालं. विल्सन पुढे मोटाउनचा निर्माता म्हणून नावारूपाला आला. डेमोच्या जेमतेम दोन-चार प्रती शिल्लक असल्याचं मानलं जातं. त्यातली एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली आणि २०२० मध्ये एका प्रतीचा एक लाख पौंडांना व्यवहार झाल्याच्या बातम्या आल्या. पण याच गाण्याची टॅमला मोटाउनने ब्रिटनमध्ये १९७९ साली काढलेली सिंगल, क्रमांक टीएमजी ११७०, आजही नोकरदाराला झेपेल अशी आहे. दुकानात विकली गेलेली ती पहिली अधिकृत आवृत्ती, म्हणून माझ्या मते ती वाजवण्यात काही गैर नाही.

किंमत आणि गाण्याचा दर्जा यांचा संबंध फार सैल आहे, हे आधीच मनात पक्कं करा. रेकॉर्ड महाग होते ती कमी प्रती शिल्लक असल्यामुळे. वॉशिंग्टनच्या श्राइन लेबलची जवळजवळ प्रत्येक सिंगल दुर्मीळ आहे. मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी याची घटस्फोटित पत्नी रेनोमा आणि एडी सिंगल्टन यांनी साठच्या दशकाच्या मध्याला ते चालवलं आणि थोड्याच काळात ते बुडालं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर १९६८ मध्ये शहरात झालेल्या जाळपोळीत उरलेला साठा गेला असं सांगतात. त्या लेबलवरची काही गाणी अप्रतिम आहेत, काही सामान्य आहेत, किंमत मात्र दोन्हींची तोंडात बोट घालायला लावणारी. याउलट जी गाणी अमेरिकेत गाजली त्यांच्या लाखांनी प्रती निघाल्या आणि त्या आज दोन कप कॉफीच्या किमतीत मिळतात. त्यातली कितीतरी नाचायला पहिल्या दर्जाची आहेत.

तुमचे तीनशे पौंड तिथे घाला. एकाच ‘अँथम’वर, म्हणजे सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यावर, ते उधळू नका, कारण ते अँथम त्या रात्री वाजवणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे हमखास असणार, आणि त्याचा क्रम तुमच्या आधी असणार. इम्प्रेशन्सचं ‘यूव्ह बीन चीटिन’’ एबीसी-पॅरामाउंटवर, कर्टिस मेफिल्डने लिहिलेलं. काँटूर्सचं ‘जस्ट अ लिटल मिसअंडरस्टँडिंग’ गॉर्डी लेबलवर. एडविन स्टारचं ‘स्टॉप हर ऑन साइट’ रिक-टिकवर. ऑलिम्पिक्सचं ‘बेबी डू द फिली डॉग’ मिरवूडवर. मार्व्हलेट्सचं ‘आय’ल कीप होल्डिंग ऑन’ टॅमलावर. जॅकी विल्सनच्या ब्रन्सविकवरच्या १९६६-६७ च्या सिंगल्स. ही सगळी अमेरिकन मूळ प्रतीत मिळतात, आणि बरीचशी डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर किंवा इंग्लंडातल्या रेकॉर्ड मेळ्यात दहा-वीस पौंडांच्या आसपास. एवढ्या पैशांत वीसेक रेकॉर्ड होतात आणि वीस रेकॉर्ड म्हणजे एक तास. सोल सिंगल साधारण अडीच मिनिटांची असते.

मग त्यातलं एक लेबल निवडा आणि त्याच्या मागे लागा. मिरवूड सुरुवातीला फार चांगलं. लॉस एंजेलिसचं, आयुष्य थोडक्याच वर्षांचं, त्यामुळे यादी आटोक्यात राहते. रिक-टिक आणि गोल्डन वर्ल्डही तसंच. या डेट्रॉइटच्या दोन कंपन्या शेवटी मोटाउनच्या बेरी गॉर्डीनेच विकत घेतल्या. लेबलचा एक कोपरा नीट माहीत झाला की मेळ्यातल्या पेटीत तुमची बोटं आपोआप थांबू लागतात. आणि प्रत्येक रेकॉर्डची मागची बाजू ऐका. पैसे त्या बाजूचेही दिलेले असतात आणि तिथे काय आहे हे पेटी चाळणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी पाहिलेलं नसतं.

आता प्रतीची अवस्था. यात नवख्या लोकांचे सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

अमेरिकन ४५ दोन पदार्थांच्या असतात, व्हायनल आणि स्टायरीन. व्हायनल गरम करून साच्यात दाबतात, लेबल त्यातच दाबलं जातं. स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात आणि लेबल नंतर चिकटवतात किंवा थेट वर छापतात. स्टायरीनची रेकॉर्ड हलकी, कडक, कडा बोथट आणि सरळ. नखाने अलगद टिचकी मारली तर व्हायनलपेक्षा टणक आवाज येतो. वाकवून पाहू नका, स्टायरीन तडकतं. पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याने बेसुमार स्टायरीन काढलं, त्यामुळे मिरवूडसारखी लेबलं बहुतेक तशीच मिळतात.

फरक असा की व्हायनलवर ओरखडे दिसतात पण ती वाजते बरी, आणि स्टायरीन आरशासारखं चकाकतं पण जड सुईने घासलेलं असेल तर गाणाऱ्याचा आवाज फाटतो, विशेषतः वरच्या पट्टीत. डोळ्यांनी पाहून केलेली प्रतवारी स्टायरीनच्या बाबतीत कुचकामाची आहे. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: वाजवून पाहिली का? आणि पहिल्या वीस सेकंदांबद्दल वेगळं विचारा. रेडिओ स्टेशनवर गाणं नेमकं सुरू व्हावं म्हणून निवेदक रेकॉर्ड मागेपुढे फिरवून ठेवत, त्यात सुरुवातीची खोबण जळते. त्याला ‘क्यू बर्न’ म्हणतात. नाचणाऱ्यांना गाणं ओळखू येतं ते त्याच पहिल्या वीस सेकंदांत, आणि तिथेच खरखर असेल तर उरलेली प्रत कितीही स्वच्छ असून उपयोग नाही.

लेबलवर कुणी नाव लिहिलेलं, स्टिकर लावलेलं, लेबलमधून आरपार छोटं भोक पाडलेलं, याची काळजी करू नका. असं भोक म्हणजे कंपनीने उरलेला माल स्वस्तात काढला त्याची खूण. अशा प्रती संग्राहकांना नको असतात म्हणून स्वस्त मिळतात, आणि सुईला त्याचं काही घेणंदेणं नसतं. वाजवण्यासाठी घेणाऱ्याने हीच संधी साधावी.

बनावट प्रतीकडे वळू. आधी रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरा आणि गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते ती वाचा. मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा ओळखक्रमांक, आणि कारखान्याच्या खुणा तिथे असतात. मोनार्कच्या रेकॉर्डवर वर्तुळातलं ‘एमआर’ आणि त्रिकोणाशेजारी ओळीने वाढत जाणारा आकडा. मिशिगनमधल्या ओवोसो गावी मोटाउनचा भरपूर माल दाबणाऱ्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगचा ‘एआरपी’ ठसा. न्यूयॉर्कच्या बेल साउंडमध्ये कापलेल्या डिस्कवर त्यांचा शिक्का. मूळ प्रतीवर शिक्का ठोकलेला असेल आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर तीच अक्षरं हाताने कोरलेली असतील तर संशय घ्या. मूळ सिंगल फक्त स्टायरीनवर निघाली हे माहीत असेल आणि समोर व्हायनल असेल तर पुढे पाहायचीही गरज नाही. लेबल भिंगाखाली धरा, जुन्या लेबलचा फोटो काढून छापलेलं असेल तर अक्षरांच्या कडा भुरकट दिसतात. आणि ऐका. दुसऱ्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या नकलेत बास मऊ पडतो आणि कधी कधी मूळ प्रतीची खरखरही आत आलेली असते.

मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या नाट्यगीतांच्या आणि ख्यालांच्या ७८ गतीच्या तबकड्या अशाच मॅट्रिक्स क्रमांकांवरून क्रमवार लावल्या आहेत. घरात आजोबांच्या तबकड्या असतील तर त्यांच्यावर हे वाचन आधी करून पाहा. डोळा तयार होतो.

इंटरनेटवरून घेताना त्या गुळगुळीत पट्टीचा फोटो मागा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मोठ्या रकमेसाठी वर्षानुवर्षं याच व्यवसायात असलेला, चूक निघाली तर परत घेणारा विक्रेता गाठा. दोन पौंड जास्त गेले तरी चालतील.

बनावट प्रतीबद्दल माझा राग किमतीवरून नाही. ती विकली गेली की गायकाला, गीतकाराला, निर्मात्याला छदामही मिळत नाही. पण हेही खरं की जुनी मूळ प्रत विकली गेली तरी त्यांना काही मिळत नाही. हजार पौंडांची रेकॉर्ड दोन संग्राहकांमध्ये फिरते आणि ती गाणारी बाई डेट्रॉइटमध्ये कुठल्याशा कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली असते. म्हणून माझा नियम असा की जे गाणं मी मूळ प्रतीतून वाजवतो त्याची परवाना घेऊन काढलेली आवृत्ती बाजारात असेल तर तीही विकत घेतो. एस रेकॉर्ड्सच्या केंट लेबलने १९८२ पासून हे काम मन लावून केलं आहे. मूळ टेपा शोधून काढल्या, कधीच न निघालेली गाणी बाहेर आणली, पुस्तिकांमध्ये कलाकारांच्या कहाण्या लिहिल्या. त्यामागे असलेले एडी क्रॉसडेल लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये अनेक दशकं रात्रभराचे कार्यक्रम चालवत आले आहेत. तुम्ही मूळ प्रतींचे कितीही भक्त झालात तरी केंटच्या सीडी घरात ठेवा. शिकायला त्याहून चांगलं काही नाही. आणि जुना गायक इंग्लंडात गायला आला की तिकीट काढून जा. त्यांच्या हातात थेट पैसे जाण्याचा तोच रस्ता आहे.

आता वाजवणं. तुम्ही बरोबर पाहिलंत, आपल्या नॉर्दर्न सोलमध्ये गाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गाणं पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजतं. ही गाणी माणसांनी खोलीत एकत्र बसून वाजवलेली आहेत, त्यांचा वेग मधे किंचित वाढतो, कमी होतो, जबरदस्तीने जुळवायला गेलात तर दोन्हींचा जीव जातो. मधे एखाद-दोन सेकंदांची शांतता राहिली तर बिघडत नाही. नाचणारे तेवढ्यात श्वास घेतात, टाळ्या वाजवतात. माइक असेल तर गायकाचं आणि लेबलचं नाव सांगा, स्पष्ट, एका वाक्यात.

कसब क्रमात आहे. अडीच मिनिटांनी निर्णय घ्यायचा, तासाला वीसेक वेळा. फ्लोअर भरलेला असताना कुणाला माहीत नसलेलं गाणं कधी टाकायचं? माझा अनुभव असा की ओळखीच्या दोन गाण्यांनंतर, आणि त्याचा ठेका आधीच्या गाण्याच्या जवळचा हवा. अनोळखी गाण्यावर फ्लोअर अर्धा रिकामा झाला तर घाबरू नका, लगेच मोठं गाणं टाकून माफी मागितल्यासारखं करू नका. जे चार जण थांबले आहेत त्यांच्यासाठी अजून एक चांगलं, थोडं ओळखीचं लावा. सलग तीन स्टॉम्पर झाले, म्हणजे प्रत्येक ठोक्यावर आपटत जाणारी गाणी, की एक मध्यम चालीचं लावा. पाय थकलेले असतात, मन थकलेलं नसतं. विगनमध्ये रात्र सकाळी आठला संपायची आणि शेवटची तीन गाणी ठरलेली असायची: टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश यांचं एकेक. ‘थ्री बिफोर एट’ म्हणून ती आजही ओळखली जातात. तिन्ही गाणी उडी मारायला लावणारी नाहीत. पहिली दोन तर अंगात येणारा थकवा आणि उगवणारा दिवस यांचीच गाणी आहेत. रात्र कशी बांधायची हे त्या तिघांवरून शिकता येतं.

यंत्रांबद्दल थोडंच. बहुतेक ठिकाणी टेक्निक्स १२०० टर्नटेबल असतात. अमेरिकन रेकॉर्डला मधलं मोठं भोक असतं, म्हणून स्वतःचे अडॅप्टर न्या, दोनाऐवजी चार न्या, ते हरवतात. सुई शंकूच्या आकाराची घ्या, लंबगोल नको, आणि वजन उत्पादकाने सांगितलं तेवढंच ठेवा. स्टायरीन हातात असेल तर हेडफोनवर ऐकत मागेपुढे फिरवू नका. सुई सुरुवातीच्या कोऱ्या खोबणीत ठेवा, गाणं किती सेकंदांनी सुरू होतं ते घरी मोजून पाकिटावर पेन्सिलीने लिहा आणि फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, त्या वेळी उघडा. ही गाणी जवळजवळ सगळी मोनो आहेत. मिक्सरला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. एकेका लेबलची पातळी फार वेगळी असते, मोटाउनच्या प्रती दणदणीत तर काही छोट्या लेबलच्या अगदी दबलेल्या, तेव्हा प्रत्येक रेकॉर्ड लावताना गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी, हेडफोनवर जुळवा. साफ करायला शुद्ध पाणी, एखादा थेंब सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. स्टायरीनला आणि लॅकरच्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका. नाचणारे फ्लोअरवर टाल्कम पावडर टाकतात, ती हवेतून डेकपर्यंत येते, म्हणून वाजवून झाली की रेकॉर्ड लगेच पाकिटात.

पहिला स्पॉट, म्हणजे वाजवायला मिळणारी वेळ, मागायचा कसा हे तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. मागू नका. स्थानिक, छोट्या, एखाद्या क्लबाच्या सभागृहात होणाऱ्या रात्रींना नियमित जा, लवकर जा, खुर्च्या लावायला हात लावा. डीजेला गाण्याचं नाव विचारा आणि पुढच्या वेळी त्याच लेबलवरची दुसरी रेकॉर्ड दाखवा. न विचारता कुणाच्या पेटीत हात घालू नका. पेला घेऊन नाचण्याच्या जागेवर जाऊ नका, हे तर तुम्हाला माहीतच असेल. सुरुवातीचा अर्धा तास, हॉल रिकामा असतानाचा, कुणालाच नको असतो. तो तुम्हाला मिळेल. त्या वेळी आलेले पाच-सहा लोक सगळ्यात कान देऊन ऐकणारे असतात. एका तासाला पन्नास रेकॉर्ड न्या आणि तुमच्या आधीच्या माणसाचा पूर्ण स्पॉट ऐका, कारण त्याने वाजवलेलं तुम्हाला पुन्हा वाजवता येणार नाही.

आता ते डॅरेल बँक्स. १९६६ मध्ये रेव्हिलॉटवर निघालेलं हे गाणं अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे प्रती भरपूर आहेत. ब्रिटनमध्ये मात्र गंमत झाली. डेक्काच्या लंडन लेबलने ते छापायला घेतलं, हक्क ईएमआय या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर ते मागे घेतलं गेलं आणि तिच्या स्टेटसाइड लेबलवर निघालं. लंडन लेबलचे थोडे डेमो तेवढे बाहेर होते. मग विक्रीसाठीची एक प्रत सापडली आणि २०१४ मध्ये लिलावात ती १४,५४३ पौंडांना गेली. गाणं तेच, रेकॉर्डिंग तेच. तुम्हाला देऊ केलेल्या अमेरिकन प्रतीचा त्या किमतीशी काही संबंध नाही, आणि विक्रेता तो आकडा सांगून भाव वाढवत असेल तर उठून चालू लागा. काही थोडक्या पौंडांची गोष्ट आहे. बँक्स १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये गोळी लागून गेला, त्याची रेकॉर्डिंग मोजकीच आहेत, आणि हा आवाज तुमच्या पेटीत असायलाच हवा.

सुरुवात ऐकून पाहा, कारण गाणं पहिल्या क्षणापासून पकडतं आणि तिथली खोबण बहुतेक प्रतींत झिजलेली असते. स्वच्छ असेल तर घ्या. मागे ‘अवर लव्ह (इज इन द पॉकेट)’ आहे, आणि नाचणाऱ्यांचं त्यावरही तितकंच प्रेम आहे. पुढची बाजू त्या रात्री दुसरं कुणीतरी वाजवेल. तुम्ही पहिल्या स्पॉटला मागची लावा.